चार खांद्यांची वाट

सगळ्यांना कॉफी स्टीलच्या टंबलरमधून आली. खाली वाटी, वर फेस. मला कागदी कप.

कपावर लाल गुलाबाचं चित्र होतं. लग्नकार्यात वापरतात तसला कप. खोलीत मोजकीच माणसं होतो, टंबलर कमी पडले असं म्हणायला जागा नव्हती. समोरच्या फडताळात ते ओळीनं पालथे घातलेले मला दिसत होते. तरी मी लगेच स्वतःला समजावायला लागले. असेल, धुतलेले नसतील. असेल, कामवाली आली नसेल. असेल, हल्ली स्वच्छतेसाठी पाहुण्यांना असंच देत असतील. मग पुण्याहून एक पत्रकार आले होते, त्यांच्याकडे बघितलं. तेही पाहुणेच. त्यांच्या हातात टंबलर होता.

घर थोरल्या रावांचं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. राहणं इथं, शेती तिकडं तिरुवैयारूजवळ आमच्या गावात. गावात कुठंही उभं राहा, समोर दिसतं ते भात रावांचंच. ते मराठी बोलणारे. आम्हीही मराठी बोलणारे. पण त्यांचे पूर्वज राजांच्या कचेरीत होते आणि आमचे राजांच्या पागेत. घोड्यांना पाणी दाखवायचे, लीद काढायचे. राजे गेले, घोडे गेले, कचेरीही गेली. कचेरीवाल्यांकडे जमीन राहिली. आमच्याकडे नाव राहिलं, पागेकडचे. अजून आम्हाला तेच म्हणतात.

मला तिथं पुण्याच्या पत्रकारांनीच बोलावलं होतं. फोनवर ठिकाण पाठवलं, घर कुणाचं ते सांगितलं नाही. गल्लीत शिरले आणि घर ओळखलं. ज्या माणसाविरुद्ध मी त्यांना लिहिलं होतं, त्याच माणसाच्या दारात त्यांनी मला आणून उभं केलं होतं.

"ये, ये. भितेस काय म्हणून?" थोरले राव म्हणाले. मग पत्रकारांकडे वळून, "सार, हिचा बाप आमच्या घरचाच माणूस. बहुत विश्वासू."

दाराजवळ एक प्लास्टिकचं स्टूल होतं. तिथं बस, असं कुणी म्हणालं नाही. पण एका खुर्चीवर कॅमेऱ्याची बॅग होती, दुसरीवर रावांची शाल होती, आणि ती उचलायला कुणाचा हात पुढं झाला नाही. मी स्टुलावर बसले. आजकाल असंच असतं. कुणी काही बोलत नाही. आपण आपल्या पायांनी जाऊन स्टुलावर बसतो.

पत्रकारांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. "आता तुमच्या त्या मराठीत काहीतरी बोला ना. काहीही चालेल. जुनं, गोड असं."

माझ्या बापाचं प्रेत कसं नेलं ते सांगायला मी आले होते.

आमची गल्ली गावाच्या कडेला, कालव्याच्या अलीकडं. स्मशान कालव्याच्या पलीकडं. मध्ये रावांची शेतं. शेतांतून एक चांगला रुंद रस्ता जातो. त्यावरून ट्रॅक्टर जातो, कापणीचं मशीन जातं. त्याला लोखंडी गेट आहे. आमच्या मयतांना ते गेट बंद. कारण काय, तर त्या रस्त्यानं देवळाच्या नैवेद्याचं भात येतं. त्यावरून प्रेत कसं न्यायचं? आमच्यासाठी शेताचा बांध. एका माणसानं जपून चालावं एवढा बांध.

तिरडीला चार खांदे लागतात. बांधावर शेजारीशेजारी दोन माणसं मावत नाहीत. शेतात पाय टाकायचा नाही, रोप तुडवलं जातं. म्हणून आमच्यात एक पद्धत पडून गेली. तिरडी कालव्याच्या पुलापर्यंत चौघं नेतात. तिथवर ढोल, फुलं, सगळं. पुलाशी तिरडी खाली ठेवतात. प्रेत सोडवतात, चादरीत गुंडाळतात आणि एका बांबूला बांधतात. एक माणूस पुढं, एक मागं. तसंच लटकवून स्मशानापर्यंत. माझे आजोबा तसे गेले. सगळेच तसे गेले. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या जगात पुलाशी असंच करतात.

बायकांनी कालव्याशी थांबायचं अशी आमच्यात रीत. त्यामुळं अप्पा गेले तेव्हा मी कालव्याच्या काठावर उभी होते आणि मला सगळं दिसत होतं. ऐन पावसाचे दिवस. बांध भिजून लोणी झालेला. मागचा माणूस घसरला. बांबू सुटला. अप्पा शेतात पडले, चिखलात, तोंडावर.

बांधावर रावांचा कारभारी छत्री घेऊन उभा होता. तो ओरडला, "पयिर! पयिर!"

पयिर म्हणजे पीक. माझा बाप चिखलात पालथा पडला होता आणि तो माणूस पीक, पीक म्हणून ओरडत होता. ते रोप अप्पांनीच लावलेलं होतं, दोन महिन्यांमागं, कमरेत वाकून. लोकांनी आधी रोपं सरळ केली. मग अप्पांना उचललं. हे मी बघितलं आहे. मला कुणी सांगितलेलं नाही.

मी तेव्हा तिरुवैयारूला एका लहान संस्थेत काम करत होते. अजूनही करते. शेतमजूर बायकांची संस्था. माझं काम पत्रकारांना लिहायचं. कुणाची मजुरी अडली, कुठं बायकांना नळाच्या रांगेतून हाकललं, की मी ते नीट लिहून पत्रकारांना पाठवायचं, फोन करायचा, मागं लागायचं. याला पिच करणं म्हणतात. दुसऱ्यांचं दुःख पिच करायला मी शिकले होते. आता घरचं करायचं होतं.

अप्पांचे दिवस झाल्यावर मी बसून लिहिलं. मागणी एवढीच, चार खांदे मावतील एवढी वाट. नवी बांधू नका, आहे तीच उघडा.

आमच्या भागाचा तमिळ पेपरचा वार्ताहर. त्याला मी अण्णा म्हणते. तो म्हणाला, "पाक्कलाम मा." म्हणजे बघू या. या धंद्यात बघू या याचा अर्थ काय होतो ते मला तेव्हाही माहीत होतं. दुसऱ्या एकानं विचारलं, "यात मृत्यू वगैरे झालाय का?" मी म्हटलं, "मृत्यू झाल्यावरच हे होतं ना, सार." तो म्हणाला, "तसा नाही. मारामारीत." मी नाही म्हटलं. तो हिरमुसला. चेन्नईच्या एका बाईंनी फार गोड उत्तर पाठवलं. विषय फार महत्त्वाचा आहे, पण आत्ताच का, असं त्यांना संपादक विचारतील. बाप आत्ता मेला म्हणून, असं मी लिहिलं आणि खोडलं. नुसतं धन्यवाद पाठवलं.

बाकीच्यांची उत्तरं नाहीत. दोन निळ्या खुणा. वाचलं एवढं कळतं, पुढं काही नाही.

संस्थेनं आम्हाला ऑनलाइन प्रशिक्षणाला बसवलं होतं. पडद्यावर एक हसतमुख गृहस्थ. ते म्हणाले, "नकार मनाला लावून घेऊ नका. ते तुम्हाला नाकारत नाहीत, तुमच्या स्टोरीला नाकारतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ज्याची स्टोरी त्याच्यापासून वेगळी असते त्याला हे ठीक आहे. माझ्या स्टोरीत माझा बाप पालथा पडला होता. आणि नाकारलं हे तरी कुठं कुणी सांगत होतं? नाही म्हणाले असते तर मी रडले असते, शिव्या दिल्या असत्या, मोकळी झाले असते. इथं नुसतं असेल, असेल. असेल, कामात असतील. असेल, निवडणुका आहेत. असेल, माझं लिहिणं कच्चं आहे.

मग संशय लागला. एकदा लागला की सुटत नाही. अण्णाला लिहिल्यावर थोड्याच दिवसांत रावांचा कारभारी शेतात आईजवळ आला. आई निंदणी करत होती. तो म्हणाला, "पोरीस सांग, पेपरवाल्यांकडे जायचें नको." त्याला कसं कळलं? गावाजवळचा म्हणावा असा एकच माणूस होता ज्याला मी लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात अण्णाची मोटरसायकल मी रावांच्या भातगिरणीसमोर बघितली. असेल, तांदूळ घ्यायला आला असेल. मी दुरून बघत राहिले. तो बाहेर आला तेव्हा हातात पिशवी नव्हती.

त्यानंतर कुणाचंच तोंड मला स्वच्छ दिसेना. ऑफिसात मी फोनवर हळू बोलायला लागले. आमच्या संस्थेच्या मोठ्या अक्का चांगल्या बाई, पण त्यांनी कधी विचारलं, "झालं का गं त्या वाटेचं काही?" की मला वाटायचं, या का विचारतायत? कुणासाठी विचारतायत? कुणी हसून बोललं की मी मनात त्याची झडती घ्यायची. मला भीती वाटत होती. आईचं काम जाईल ही भीती. आणि भीतीहून जास्त लाज. दारोदार बापाचं प्रेत दाखवत फिरतेय असं वाटायचं.

तेव्हा मला मराठी पेपर सुचले. आमच्या घरात मराठी बोलतात, पण लिहिता-वाचता कुणालाच येत नाही. आमची अक्षरं तमिळ. मी ही अक्षरं फोनवर शिकले, मराठी बातम्या वाचून. तुम्ही वाचताय ती मराठी माझ्या घरची नाही, ती तुमच्या पेपरांतून उचललेली आहे. मला वाटलं, तिकडं दूर आपल्याच भाषेची माणसं आहेत. त्यांना रावांची गिरणी नाही, रावांचा धाक नाही. ते ऐकतील.

लिहिलं. पुन्हा निळ्या खुणा. मग एक उत्तर आलं, पुण्याहून.

"तंजावूरचे मराठी! वा! हेरिटेजचा अँगल असेल तर रविवारच्या पुरवणीत घेता येईल."

त्या "वा"चा मला तेव्हाच संशय आला होता. तरी मी बसले आणि सगळं फिरवून लिहिलं. वर राजे घातले. घोडे घातले. आमची जुनी बोली घातली. वाट खाली गेली, शेवटच्या चार ओळींत. ते म्हणाले, "ग्रेट. येतोच आहे तिकडे."

आणि आले ते थोरल्या रावांकडे उतरले.

तर त्या खोलीत, स्टुलावर बसून, मी बोलले. गोड काही नाही. अप्पा कसे गेले ते सांगितलं. बांबू, चिखल, पयिर. पत्रकारांनी मान हलवली, "हं, हं" केलं आणि रेकॉर्डिंग चालू आहे ना ते बघितलं. मग ते माझ्याकडे नाही, रावांकडे वळले. "म्हणजे वाटेचा काही प्रश्न आहे का?"

"प्रश्न काय?" राव हसले. "आम्ही अडवलों केव्हां? बांध मोकळाच आहे की. कोणी जावा, कोणी येवा. आमच्या तीर्थरूपांपासून सोडत आलों."

"वा," पत्रकार म्हणाले.

मी म्हटलं, "सर, तुम्ही एकदा येऊन बांधावरून चालून बघा. इथून फार लांब नाही."

त्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं. पांढरे बूट होते. "चिखल असेल ना आता? आणि मला राजवाड्याचे फोटो घ्यायचेत, ऊन जाईल." मग त्यांनी आम्हा सगळ्यांचा फोटो घ्यायचं ठरवलं. मी कप खाली ठेवायला लागले. "राहू दे, राहू दे," ते म्हणाले. "कप हातात असू दे. नॅचरल वाटतं." कॅमेरा बरोबर आलेल्या सोबत्याकडे दिला आणि स्वतः टंबलर घेऊन रावांशेजारी बसले.

ती कॉफी मी प्यायले. गार झाली होती तरी संपवली. रावांच्या घरच्या बाईंनी बोटानं बाहेरची बादली दाखवली, कप त्यात टाकायला. टाकला आणि वर हात जोडून आले. हे मला अजून टोचतं.

पुरवणी आली. पत्रकारांनी पानाचा फोटो पाठवला, अंगठा आणि दोन फुलं लावून. मी छापखान्याच्या दुकानातून मोठ्या कागदावर रंगीत काढून आणलं. गल्लीत ही बातमी आधीच पोचली होती की आपलं पेपरात आलं, तिकडच्या मराठी पेपरात. सगळे आमच्या गल्लीतल्या देवळाच्या कट्ट्यावर जमले. सुंदरी अत्या, अप्पांची थोरली बहीण, तिला चालवत नव्हतं, तिला खुर्चीत बसवून आणलं. कुणीतरी लाडू वाटले. मी अजून पूर्ण वाचलेलं नव्हतं. वर बघून घेतलं होतं, राजवाड्याचा फोटो, रावांचा फोटो.

"वाच गे," सगळे म्हणाले. वाचणारी मी एकटीच.

मी वाचत गेले. राजे. त्यांची विद्या. रावांच्या घरची चिंचेची आमटी. पन्नाशीतही ताठ असलेली रावांची चालण्याची ढब. मग आम्ही आलो. त्यात आम्ही रावांचे निष्ठावान सेवक होतो, पिढ्यान् पिढ्या. आणि मग ते वाक्य आलं. आजही राव घराणं मोठ्या मनानं आपल्या या सेवकांच्या अंत्ययात्रेला स्वतःच्या शेतातून वाट देतं.

मी थांबले. एक क्षण वाटलं, हे वाक्य गाळावं. दुसरंच काहीतरी वाचावं. कुणाला कळणार होतं? लाडू खात होते सगळे. सुंदरी अत्या डोळे मिटून, हात जोडून ऐकत होती, देवळात बसल्यासारखी. मी ते वाक्य वाचलं. जसंच्या तसं. मग आमच्या बोलीत सांगितलं.

आई म्हणाली, "वाट देतात म्हणून लिहिलाय?"

"हो."

"कोण देतात? केव्हां दिलें?"

तिनं माझ्या हातातून कागद घेतला. तिला एक अक्षर येत नाही. ती फोटो बघत होती. बराच वेळ बघितला. मग कागद माझ्यासमोर धरला आणि बोट ठेवलं.

"समस्तांच्या हातांत टंबलर आहे. तुझ्या हातांत काय आहे गे?"

गुलाबाचा कप. रंगीत. मागं फडताळ, त्यात ओळीनं पालथे टंबलर, मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. पत्रकारांच्या हातात टंबलर. रावांच्या हातात टंबलर. मी दाराशी स्टुलावर, खुर्च्यांहून वीतभर खाली, हातात कागदी कप, आणि मी हसतेय. पेपरनं हे छापलं होतं. पुण्यात हजारो घरांत सकाळी चहाबरोबर बघितलं गेलं होतं आणि कुणालाही ते दिसलं नव्हतं.

मला तेव्हा रडू आलं नाही. उलट अंगातलं काहीतरी सुटलं. इतके महिने मी म्हणत होते, असेल, असेल. माझा संशय वेडा आहे, मी मनाला फार लावून घेते, असं मी स्वतःला पढवत होते. माझा संशय खरा होता. तो पहिल्या घोटापासून खरं सांगत होता. खोटं मी बोलत होते, रोज, स्वतःशी, त्यांच्या वतीनं. त्यांना काही बोलावंच लागत नव्हतं. त्यांचा सगळा वकीलपणा मीच फुकट करत होते.

मी तिथूनच पुण्याला फोन लावला. कट्ट्यावरून, सगळ्यांसमोर.

"काय, खूश ना?" ते म्हणाले. "आलं ना तुमचं?"

"सर, ते वाट देत नाहीत. तुम्हाला मी सांगितलं होतं."

"अहो, पुरवणी आहे. पुरवणीत निगेटिव्ह घेत नाहीत. पॉझिटिव्ह ठेवलंय सगळं. तुमच्या लोकांबद्दल किती छान आलंय बघा."

"दुरुस्ती छापा."

"बघतो."

"बघतो नाही, सर. छापणार की नाही ते सांगा."

त्यांचा आवाज बदलला. "हे बघा, तुमच्यासारख्यांच्या स्टोऱ्या कुणी घेत नाही. मी घेतली. जरा जाण ठेवा."

मी म्हटलं, "घेतली ती तुमची. माझी परत करा." आणि फोन ठेवला. दुरुस्ती आली नाही. मला येईल असं वाटलंही नव्हतं.

पुढच्या पावसात सुंदरी अत्या गेली.

सकाळी गेली, झोपेत. तिरडी बांधली. पोरं बांबू शोधायला लागली, पुलापुढचा. आई दारात आडवी उभी राहिली. "तो बांबू ठेवा," ती म्हणाली. "नणंदेस मी लटकवून पाठवीना."

कुणी मोठी चर्चा केली नाही. चौघांनी तिरडी उचलली, पूल ओलांडला आणि बांधाकडे न वळता सरळ गेले. गेटापर्यंत. गेटाला कुलूप. तिरडी तिथं ठेवली. वर ताडपत्री धरली. आणि बसले. बायकाही आलो. कालव्याशी थांबायचं म्हणून कुणी अडवलं नाही, आणि अडवलं असतं तरी आम्ही थांबलो नसतो. कारभारी आला, ओरडला, गेला. पोलीस आले. कुणीतरी तहसीलदारांना फोन केला. पाऊस चालूच.

या वेळी मी एकाही पत्रकाराला कळवलं नाही. फोन पदरात गुंडाळून ठेवला होता. तोच वाजायला लागला. ज्यांनी निळ्या खुणांपुढं कधी काही दिलं नव्हतं ते विचारत होते, काय चाललंय, किती लोक आहेत, व्हिडिओ पाठवता का. ज्याला मृत्यू वगैरे हवा होता तोही त्यांत होता. मी सगळ्यांना एकच सांगितलं. "या. आधी बांधावरून स्मशानापर्यंत चालून या. मग बोलते."

पुण्याचा फोन आला. "मला आधी सांगायचंत ना! बाकी कुणाला देऊ नका, मी ताबडतोब करतो."

"आधी दुरुस्ती," मी म्हटलं. "मग या, चालून बघा. बूट काढून."

त्यांनी फोन ठेवला.

अण्णा मात्र आला. मोटरसायकल पुलाशी लावली. मी त्याला बांध दाखवला. त्यानं माझ्याकडे बघितलं, चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गेला. दोनदा घसरताना मी त्याला बघितलं. परत आला तेव्हा मांड्यांपर्यंत चिखल. म्हणाला, "तुझ्या अप्पांचं मी लिहिलं होतं मा. वरच्यांनी छापलं नाही." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. खरं असेल. खोटंही असेल. गिरणीबद्दल मी विचारलं नाही, तोही बोलला नाही. मी म्हटलं, "आता लिही. आलं की सांग. नाही आलं तरी सांग, कुणी कापलं ते."

दुपार उलटल्यावर तहसीलदार आले. रावांशी फोनवर बोलले, बाजूला जाऊन, फार वेळ. मग आम्हाला म्हणाले, "उघडतायत. पण आजच्यापुरतं."

आजच्यापुरतं. तिथंही कागदी कपच. वापरा आणि टाका. पण अत्या सकाळपासून पावसात होती. आईनं मान हलवली.

कुलूप निघालं. चौघांनी अत्याला उचललं. रस्ता रुंद होता, चौघं दोन-दोन करून शेजारीशेजारी चालले आणि तरी दोन्ही बाजूंना जागा उरली. मागं आम्ही बायका. आयुष्यात पहिल्यांदा मी ते स्मशान जवळून बघितलं. चालताना मला अप्पा आठवत होते आणि राग येत होता. इतका साधा रस्ता. चार मिनिटांचा असेल. यासाठी त्यांनी माझ्या बापाला चिखलात पाडलं.

दुसऱ्या दिवशी गेटाला कुलूप होतं. नवं, पहिल्यापेक्षा मोठं. आईला रावांच्या शेतावर काम मिळेनासं झालं. ती आता पलीकडच्या गावात जाते, बसनं. अण्णाची बातमी आली. आतल्या पानावर, लहान, रावांचं नाव नसलेली. त्यानं फोन करून सांगितलं, नाव कुणी काढलं ते. मी विश्वास ठेवलाय की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.

मी पत्रकारांना लिहितेच आहे. माझं कामच ते. निळ्या खुणा येतात, येऊ देत. पण मेसेजच्या शेवटी "कृपया विचार व्हावा" आता नसतं. राजे नसतात, घोडे नसतात, गोड बोली नसते. एवढंच असतं. वाट अमुक ठिकाणी आहे. पायी या. आणि तो पुरवणीतला फोटो सोबत जोडते, दर वेळी, काही न लिहिता. बघू दे त्यांना तो कप. दिसतो का बघू दे.

आमच्या गल्लीत म्हातारी माणसं आहेत. पुढं कोण जाईल माहीत नाही. कोण छापेल, कोण नाही, तेही माहीत नाही. पण तो बांबू आम्ही फोडून चुलीत घातला. यापुढं आमचं माणूस त्या बांधावरून जाणार नाही. गेट उघडलं तर रस्त्यानं जाईल. नाही उघडलं तर गेटासमोर राहील, एक दिवस, दोन दिवस, उघडेपर्यंत. आणि जाईल ते चार खांद्यांवर.